अलास्काच्या बोटीवर खोली कोणती घ्याल?

ज्या घरचा मुलगा किंवा लेक अमेरिकेत आहे, त्या घरी हल्ली एक बेत हमखास शिजतो. "आई, यंदा आलात की आपण अलास्काची क्रूझ करू!" बेत तिकडे ठरतो, तारखा तिकडे ठरतात, बोटही तिकडेच ठरते, आणि आपल्याला विचारले जाते ते एवढेच, की "स्वेटर आहे ना गं तुझ्याकडे?" साध्या चादरी घ्यायच्या तरी चार दुकाने पालथी घालणाऱ्या आपण, या बाबतीत मात्र "तुम्ही ठरवाल ते" म्हणून गप्प बसतो. मैत्रिणींनो, तसे बसू नका. पैसा घरचाच जाणार असतो, मग तो मुलाच्या खिशातला का असेना. शिवाय बरोबर सासूसासरे किंवा आईवडील असतील, तर हा प्रवास त्यांच्याकडून पुन्हा होणार नसतो.

बोलणे सुरू होते ते बहुधा भलत्याच टोकाकडून. "बाल्कनीची खोली घ्यायची की साधी?" हा पहिला प्रश्न. खरे म्हणजे हा शेवटचा प्रश्न आहे. आधी बघायचे, बोट कोणत्या बर्फापाशी जाणार. मग, ती कोणत्या पाण्यातून जाणार. मग बोट केवढी आहे. आणि हे सगळे मनाजोगे जुळले तर मग खोली. बोट जर उघड्या समुद्रातून चालली असेल आणि बर्फ मैलभर लांबूनच दाखवून परत फिरणार असेल, तर हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या बाल्कनीतून तुम्हाला दिसणार काय? पाणी!

अलास्का हे अमेरिकेचे राज्य खरे, पण ते कॅनडाच्या पलीकडे, पार वायव्येच्या कोपऱ्यात आहे. १८६७ साली अमेरिकेने ते रशियाकडून विकत घेतले. आपल्या बोटी जातात त्या बहुतकरून त्याच्या आग्नेयेकडच्या चिंचोळ्या पट्टीत. तिथे शेकडो बेटे आहेत आणि डोंगरांच्या कुशीत मैलोगणती आत शिरलेल्या खोल खाड्या आहेत, त्यांना फियॉर्ड म्हणतात. हंगाम एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. थंडीचा बाऊ करू नका; ऐन उन्हाळ्यात तिथे दुपारी पंधरा-अठरा अंश तापमान असते, म्हणजे आपल्या नाशिक-पुण्याची जानेवारीतली सकाळच म्हणा ना. मात्र हिमनदीच्या समोर उभे राहिले की बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो, आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. केचिकन या गावी तर वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरपेक्षा कमी, पण तो बाराही महिने वाटून येतो. त्यातल्या त्यात मे महिना कोरडा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. मेमध्ये भाडीही जूनजुलैपेक्षा बहुधा कमी असतात. माझ्यासारख्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला तर मे महिन्यासारखी दुसरी सोय नाही.

आता बर्फाकडे वळू. कंपनीच्या पत्रकात "ग्लेशियर दर्शन" एवढेच लिहिले असेल तर समाधान मानू नका. कोणती हिमनदी, ते नाव विचारा.

सर्वांत मानाचे नाव ग्लेशियर बे. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे एका दिवसात फक्त दोन मोठ्या क्रूझ-बोटींना आत सोडतात. त्यामुळे गर्दी नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या नावेतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगत राहतात. या खाडीची हकिकत मला फार आवडते. १७९४ साली, म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती तेव्हा, कॅप्टन व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील लोक इथे आले, तर खाडी अशी नव्हतीच. तोंडापासून थोड्याच अंतरावर बर्फाची भिंत उभी. १८७९ मध्ये जॉन म्यूर हे निसर्गप्रेमी गृहस्थ आले तोवर तो बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागे हटला होता. आज बोट सुमारे पासष्ट मैल आत जाते. तुम्ही ज्या पाण्यावर चहा पीत बसणार, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी नुसता बर्फ होता! आतल्या टोकाला मार्जरी नावाची हिमनदी आहे, सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच. बोट तिच्यासमोर साधारण तासभर थांबते आणि हळूहळू स्वतःभोवती फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखे दिसते. शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत मात्र मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत क्रूझ-बोटींना मज्जाव आहे, कारण तिथे तरंगत्या बर्फावर सील माद्या बाळंत होतात. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी नको, हे तिकडच्या सरकारलाही कळतं, बरं का.

प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांच्या पुष्कळ फेऱ्या ग्लेशियर बेला जातात, पण सगळ्या नव्हेत. म्हणून कंपनीचे नाव पाहून थांबू नये, त्या तारखेच्या फेरीचा कार्यक्रमच वाचावा.

दुसरे नाव हबर्ड. ही लांबीला सुमारे शहाऐंशी नव्हे, चांगली एकशेवीस किलोमीटर आणि समोरून नऊदहा किलोमीटर रुंद, अशी अवाढव्य हिमनदी. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ साली तिने शेजारची खाडी काही काळ चक्क बंद करून टाकली होती. पण पाण्यात बर्फाचे तुकडे फार असले तर कप्तान बोट लांबच ठेवतो. तिसरा प्रकार म्हणजे ट्रेसी आर्म आणि एन्डिकॉट आर्म या अरुंद फियॉर्ड. दोन्हीकडे उंच कडे, मधून धबधबे, दृश्य अप्रतिम. ट्रेसी आर्ममध्ये १० ऑगस्ट २०२५ रोजी डोंगराचा मोठा कडा कोसळून पाण्याची भयंकर लाट उसळली. तेव्हा तुमच्या पत्रकात या दोहोंपैकी कोणते नाव आहे ते नीट विचारून घ्या. आणखी एक लक्षात ठेवा: अशा अरुंद जागी काही मोठ्या बोटी तोंडाशीच थांबतात आणि जास्त पैसे भरणाऱ्यांना छोट्या नावेने आत नेतात.

पाण्याची गोष्ट सांगते. कोकणातल्या आगबोटीने ज्यांच्या आज्या-पणज्या भाऊच्या धक्क्यावरून माहेरी गेल्या, त्यांना "बोट लागणे" म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बहुतेक बोटी उत्तरेकडे जाताना व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, पॅसिफिकच्या उघड्या समुद्रातून जातात. पहिले दीड दिवस डुलण्याचे आणि किनारा फारसा न दिसण्याचे. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराहून निघणाऱ्या बोटी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आतल्या पाण्यातून जातात. पाणी शांत आणि दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर. मुलगा सिअ‍ॅटलला राहत असेल तर "घराशेजारून निघू, विमानाचे पैसे वाचतील" असे तो म्हणणार. म्हणू दे. व्हँकूव्हर तिथून मोटारीने तीनेक तासांवर आहे, सीमेवर खोळंबा झाला नाही तर. व्हँकूव्हरहून अलास्कातल्या सेवर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंतच्या एकेरी फेऱ्याही असतात. त्यात बर्फ जास्त पाहायला मिळतो, पण परतीचे विमान वेगळे पडते.

आणि कॅनडाचा व्हिसा! परदेशी नोंदणीच्या बोटींनी अमेरिकेतून निघून परत अमेरिकेतच उतरवताना मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते. १८८६ सालच्या कायद्याचा हा परिणाम. त्यासाठी सिअ‍ॅटलच्या बोटी शेवटी संध्याकाळच्या काही तासांपुरत्या कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला लागतात. म्हणजे सिअ‍ॅटलहून निघा की व्हँकूव्हरहून, भारतीय पारपत्र असलेल्या आपल्याला कॅनडाचा व्हिसा हवाच आणि अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आईवडिलांना लागतो हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तुम्ही आठवण करा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू देऊ नका.

आता बोट केवढी असावी? तरुण मंडळी बोट निवडतात ती किती हॉटेले, किती घसरगुंड्या, कुठे नाटक यावर. लहान मुले बरोबर असतील तर त्यातही गैर काही नाही. पण चारपाच हजार माणसांच्या बोटीवर हिमनदी आली की कठड्याशी चार रांगा लागतात, आणि आपल्यासारख्या पाच फुटी बायकांना पुढच्याच्या टोपीचे दर्शन घडते. दोन हजारांच्या आसपास प्रवासी असलेली बोट मला बरी वाटते. त्यातही ज्या बोटीला सर्व बाजूंनी फिरत जाता येईल असा प्रशस्त डेक आहे, ती पाहावी. हॉलंड अमेरिकेच्या बोटी त्यासाठी नावाजलेल्या आहेत. काही बोटींवर हिमनदीच्या दिवशी अगदी पुढच्या टोकाचा डेकही प्रवाशांना खुला करतात. हेही आधी विचारता येते.

एवढे जमले म्हणजे खोली. बोटीवर चार तऱ्हा असतात: आतली बिनखिडकीची, बंद काचेच्या खिडकीची, बाल्कनीची आणि मोठा सूट. बाल्कनी म्हणजे आपली गॅलरीच. दोन खुर्च्या, एक टेबल, पुढे कठडा. आम्ही मेमध्ये गेलो तेव्हा नणंदबाईंनी बाल्कनीच्या खोलीचे भाडे सांगितले, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढे पैसे एका गॅलरीचे? घरच्या गॅलरीत मी किती वेळ बसते?" मुद्दा बिनतोड होता. पण त्यांचे गुडघे दुखतात, दहा मिनिटांवर उभे राहवत नाही आणि वाऱ्यात डोके धरते. शेवटी तोड निघाली ती अशी: सासूबाई-मामंजींना बाल्कनीची खोली आणि आम्हा दोघांना त्याच बोळात, समोरच्या बाजूची आतली खोली. आतली खोली सर्वांत स्वस्त. तिच्यात आम्ही फक्त झोपलो. बाकी वेळ डेकवर नाहीतर त्यांच्या गॅलरीत. दोन बाल्कन्यांचे पैसे मोजण्यापेक्षा हे किती तरी हलके पडले.

ग्लेशियर बेच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून शाल, कानटोपी आणि वर बोटीवरचे ब्लँकेट असा जामानिमा करून खुर्चीत बसल्या, त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. गार वाटले की आत, ऊब आली की बाहेर. हिमनदीसमोर बोटीचा आवाज मंदावला तेव्हा पाण्यातले बर्फाचे तुकडे तडतडताना ऐकू येऊ लागले. त्यात अडकलेली जुनी हवा सुटते, तिचा तो आवाज. डेकवर माणसांच्या गलक्यात तो मला ऐकू आलाच नव्हता, त्यांनी मला बोलावून ऐकवला. मग निळ्या भिंतीचा एक तुकडा ढासळला; आधी दिसला आणि मागाहून तोफेसारखा आवाज आला. बर्फ निळा का, असे त्यांनी विचारले. इतका दाबला गेलेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "नीळ घातलेल्या धोतरासारखा दिसतोय."

तेव्हा ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, ज्यांना गर्दी सोसत नाही, ज्यांना दुपारी आडवे व्हावे लागते, त्यांच्यासाठी बाल्कनी ही चैन नाही. चाळिशीच्या आतल्या धडधाकट जोडप्याने मात्र मोहात पडू नये असे मला वाटते. डेकवरून चहूकडचे दिसते, बाल्कनीतून एकाच अंगाचे. ते पैसे स्कॅग्वेच्या डोंगरी रेल्वेला किंवा जुनोला देवमासे पाहायला ठेवावेत. स्कॅग्वेची गाडी १८९८च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतली. तिचे रूळ तीन फुटी, आपल्या माथेरानच्या गाडीहून एका फुटाने रुंद. दरी पाहून पोटात गोळा येतो तो तसाच.

बाल्कनी घ्यायचीच ठरली तर बोटीच्या मजल्यांचा नकाशा मागवा आणि ब्लॉक घेताना पाहतो तसा तो पाहा. डोक्यावर कोण, पायाखाली कोण? वरच्या मजल्यावर खाणावळ किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याच्या आवाजाने जाग येते. खाली नाटकघर असेल तर रात्री बारापर्यंत ढोल. वरखाली नुसत्या खोल्या असाव्यात, हे उत्तम. बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. अगदी पुढच्या टोकाला वारा आणि हेलकावे जास्त, मागच्या टोकाच्या बाल्कन्या मोठ्या आणि दोन्ही अंगांचे दृश्य देणाऱ्या, पण तिथे यंत्रांची थरथर जाणवते. खोली लिफ्टपासून हाकेच्या अंतरावर असावी. हजार फुटी बोटीत बोळ संपता संपत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो दिवसातून सहा वेळा चालावा लागतो.

"दृश्यात अडथळा" अशी बारीक अक्षरातली नोंद दिसली तर समोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या आहेत असे समजा. कठडा काचेचा की पत्र्याचा, हेही विचारा. काही खोल्यांना भक्कम लोखंडी कठडा असतो. उभे राहिले तर दिसते, बसले की पत्रा. बसण्यासाठीच जिने बाल्कनी घेतली तिची मग फजितीच. पायऱ्यापायऱ्यांसारख्या बांधलेल्या मजल्यांवर काही बाल्कन्यांना छप्पर नसते, म्हणजे पाऊस अंगावर आणि वरच्या मजल्याची नजरही. नावांनाही भुलू नका. "फ्रेंच बाल्कनी" म्हणजे नुसते दार आणि कठडा, खुर्ची ठेवायला जागा नाही. "इन्फिनिट बाल्कनी", सेलिब्रिटी एज या बोटीवर आहे तशी, म्हणजे खोलीचीच मोठी खिडक, तिची वरची अर्धी काच बटणाने खाली येते. ती उघडली की सगळी खोली गार. आणि "व्हर्च्युअल बाल्कनी" म्हणजे आतल्या खोलीत बसवलेला पडदा, त्यावर बाहेरचे चित्र!

डावी बाजू की उजवी? जाऊन-येऊन फेरी असेल तर काही फरक नाही. एकेरी फेरीत उत्तरेकडे जाताना उजवीकडे आणि दक्षिणेकडे येताना डावीकडे किनारा राहतो. "गॅरंटी" या नावाने जी स्वस्त खोली विकतात, तिच्यात जागा कंपनी ठरवते. म्हातारी माणसे असतील तर ती नकोच.

बाल्कनीचे दार उघडताना खोलीचे दार बंद असू द्या. दोन्ही एकदम उघडली तर वाऱ्याने दार असे आपटते की बोटे सांभाळावी. आणि हो, गॅलरी दिसली की ओला टॉवेल वाळत घालायला आपले हात शिवशिवतात. नका घालू! मनाई असते, शिवाय टॉवेल थेट पॅसिफिकमध्ये जातो. कपडे धुण्याची सोय काही बोटींवर नाणी किंवा कार्ड घालून चालणाऱ्या यंत्रांची असते. इस्त्री आणि विजेची किटली बहुतेक बोटींवर काढून घेतात, तेव्हा थर्मास न्या. गरम पाणी खाणावळीत केव्हाही मिळते. घरचे शिजवलेले चालत नाही. चिवडा, खाकरा न्यायचा तो बंद पाकिटातला. शाकाहारी किंवा जैन जेवणाचे तिकीट काढतानाच लिहून द्यावे, आणि पहिल्या रात्री वाढणाऱ्याशी बोलावे म्हणजे उद्याची भाजी तो आज विचारून जातो.

कपड्यांत एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर बरे: आत गरम बंडी, वर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, हातमोजे, कानटोपी. साडीची सवय असलेल्यांनीही डेकवर सलवार किंवा पँट घालावी. वारा निऱ्यांचे ऐकत नाही. दुर्बीण मात्र माणशी एक. एकीत चौघे म्हणजे देवमासा बुडून जातो आणि भांडण तेवढे वर राहते.

भाड्याचा आकडा ऐकाल तेव्हा त्यात बक्षिशी धरली आहे का ते विचारा. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर निराळे लागतात, इंटरनेट आणि गावोगावच्या सहली त्याहून निराळ्या. पूर्ण रक्कम भरायची तारीख बहुधा निघण्याच्या तीनेक महिने आधी असते. अमेरिकेत तिकीट काढले असेल तर त्या तारखेपर्यंत भाडे उतरल्यास फरक मागता येतो किंवा त्याच पैशात वरची खोली मिळते. त्यासाठी दर पंधरवड्याला फोन करावा लागतो. मुलाच्या लक्षात राहणार नाही. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तारखा लिहून ठेवा आणि आपणच त्याला आठवण करा.